चौथा डाव

आई, परवा रविवारी हा मॅच बघता बघता खुर्चीतून ताडकन उठला आणि मला म्हणाला, "तुझ्या आईला सांग!" गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हा ताडकन उठत नाही, त्यामुळे मी आधी घाबरलेच. हा म्हणजे तुझा जावई. टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल चालू होता. चौथा डाव होता, दोनच यार्ड हवे होते, आणि आमच्या टीमनं बॉलला लाथ मारून तो समोरच्यांना देऊन टाकण्याऐवजी सरळ खेळायचं ठरवलं. वर तो कॉमेंटेटर समजावून सांगत होता की हल्ली सगळ्याच टीम असं करायला लागल्यात, गणित शिकलेली हुशार पोरं त्यांनी कामाला ठेवलीत, आणि त्या पोरांनी कॉम्प्युटरवर आकडेमोड करून दाखवलंय की चौथ्या डावाला लाथ मारणं बऱ्याचदा चुकीचंच असतं. "बघ," हा म्हणाला, "मिरजेच्या पीटीच्या बाईंना जे एका दिवसात कळलं, ते यांना कळायला चाळीस वर्षं लागली. सांग तुझ्या आईला." आता तुला कुठून सांगू? तू जाऊन तीस वर्षं होत आली. पण याचं आपलं एकच, सांग म्हणजे सांग. म्हणून जेवणाची भांडी तशीच ठेवून लिहायला बसलेय. भांडी तशी ठेवली म्हणून बोलू नकोस.

तू इथं आलीस ती एकदाच, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, ऑक्टोबरात, माझ्या बाळंतपणाला. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहत होतो, युनिव्हर्सिटीपासून दहा मिनिटांवर, खालच्या मजल्यावरच्या छोट्याशा अपार्टमेंटमध्ये. माझी केमिस्ट्रीची पीएचडी नुकतीच संपली होती आणि याला टेलिफोनच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती. लग्न कसलं, कोर्टात जाऊन सह्या केल्या, दोन मित्र साक्षीदार, आणि नंतर चौघांनी मिळून पिझ्झा खाल्ला. तुला कळवलं ते दुसऱ्या दिवशी, पत्रानं. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. मुलींच्या शाळेत पीटी शिकवून, खो-खोच्या टीम घेऊन गावोगाव हिंडून तू मला एकटीनं वाढवलंस, आणि मी तुला लग्न झाल्यावर कळवलं. आता लिहितानाही कसंतरी होतं. तुझं उत्तर आलं ते दोन ओळींचं: पत्र पोचलं. तब्येत सांभाळ. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी तुझी पत्रं येत राहिली. शाळेचं, शेजारच्या मावशींचं, कुठल्या मुलीनं काय सूर मारला त्याचं, सगळं असायचं त्यात. याचं मात्र नाव नसायचं. माझ्या मैत्रिणींच्या आयांची पत्रं 'जावईबापूंना आशीर्वाद' अशी संपायची. तुझं पत्र आलं की मी आधी शेवटची ओळ बघायची, आणि मग पहिल्यापासून वाचायला घ्यायची.

एअरपोर्टवर यानं वाकून नमस्कार केला, तेव्हा तू "असू दे, असू दे" म्हणालीस, तेही माझ्याकडे बघून. घरी आल्यावर तेच. मानपान तू कुठं कमी केला नाहीस. पहिली गरम पोळी त्याच्याच ताटात पडायची. फक्त बोलायची नाहीस. "त्यांना विचार, भात वाढू का?" हा समोर बसलेला, ताट पुढं केलेलं. मी म्हणायची, "भात वाढू का?" हा म्हणायचा, "थोडा." मी म्हणायची, "थोडा म्हणतोय." तीन फुटांच्या टेबलावर मी पोस्टमन झाले होते, आणि तेही आठवा संपून नववा लागलेलं पोट सांभाळत. हा नागपूरचा, स्वभावानं गरीब, आवाज चढवणं माहीतच नाही. मी चिडले की म्हणायचा, "बोलतील गं. तू घाई नको करून राहू." पण तोही तुला हाक म्हणून मारत नव्हता. काय म्हणून मारायची तेच त्याला कळत नव्हतं. आई म्हणावं तर तू मुलगा मानलेलं नाहीस, आणि बाई म्हणावं तर तू काही त्याच्या शाळेतली नाहीस.

तू येऊन दोन आठवडे झाले असतील. आपण स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होतो. मी धीर करून म्हटलं, "आई, अजून किती दिवस?" तू हातातला लाडू वळून डब्यात ठेवलास आणि म्हणालीस, "मला लग्नाचा राग नाही. पोरगा चांगला आहे, दिसतंय मला. पण विचारलं नाहीत तुम्ही. विचारलं असतंत तर मी काय नाही म्हणाले असते?" मी म्हटलं, "मग बोल की त्याच्याशी." "कशाला? मी तुझं बाळंतपण करायला आलेय. बाळ-बाळंतीण सुखरूप झाली की चालले." आणि मग माझ्या हातातला लाडू बघून, "हा काय वळलायस, ढेकूळ आहे का लाडू? नीट दाब." मी दाबला. त्या दिवशी मला तुझ्या बोलण्याचं इतकं वाईट वाटलं नाही, जितकी एका गोष्टीची भीती वाटली. तू उद्या बाळाला मांडीवर घेऊन 'तुझ्या बाबांना सांग' म्हणायला लागलीस तर? पोस्टमनची नोकरी माझ्या लेकराच्या गळ्यात पडणार. बाळ यायच्या आत तुम्ही दोघांनी एकमेकांशी एक वाक्य बोलावं, एवढंच मला हवं होतं. काय वाटेल ते वाक्य.

आणि मग तो शनिवार आला. याला फुटबॉलचं वेड तेव्हाही होतंच. शनिवारी कॉलेजांच्या मॅचेस, रविवारी धंदेवाईक टीमच्या, आणि ऑक्टोबर म्हटल्यावर मध्येच बेसबॉलचे शेवटचे सामने. तू आल्यापासून बिचाऱ्यानं संकोचानं टीव्ही लावलाच नव्हता. त्या शनिवारी दुपारी मीच लावला. आपला तो टीव्ही आठवतो? वर दोन काड्यांची अँटेना, आणि कुणीतरी मागं उभं राहून ती धरल्याशिवाय चित्र यायचं नाही. तू सोफ्यावर बाळाचं दुपटं शिवत बसलेली, हा टीव्हीमागं उभा. तू मला म्हणालीस, "त्यांना सांग, जरा डावीकडे." मी सांगितलं. आता याचं तोंड तुझ्याकडे, त्यामुळे तुझी डावी ती याची उजवी, आणि माझ्या तोंडून निरोप पोचेपर्यंत होतं नव्हतं ते चित्र जायचं. कसंबसं एकदा जमलं, आणि हिरवं मैदान दिसल्याबरोबर तू सुई दुपट्यात खोचून ठेवलीस. मला कळलं, आता पीटीच्या बाई जाग्या झाल्या.

तुझी एकेक मतं! आधी त्या चिलखतांवर घसरलीस. "एवढं सगळं अंगावर घातल्यावर पडायला काय जातंय? आमच्या पोरी मुरुमावर सूर मारतात, गुडघे सोलले तर माती लावून परत उभ्या." बॉल बघून म्हणालीस, "ह्याला बॉल म्हणायचं होय? सोललेला नारळ आहे की." ते सारखे गोल करून कुजबुजतात ते तर तुला अजिबात पटलं नाही. "परत बसली सभा. घरून ठरवून यायला काय झालं यांना?" पंचांनी पिवळा रुमाल टाकला की तू, "टाकला बाई परत रुमाल. धुतो तरी का कधी?" आणि मैदानाकडेला उड्या मारणाऱ्या त्या पोरी दिसल्या. मला वाटलं, कपड्यांवरून बोलणार. तू खूप वेळ बघून म्हणालीस, "ही डावीकडची तिसरी. काय अंग आहे पोरीचं! हिला आत खेळायला घ्यायचं सोडून बाहेर नाचवतात होय? डोकी फिरलीत यांची." टीव्हीमागून याचं हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. मी दोघांच्या मध्ये, दोघांकडे आळीपाळीनं बघत होते.

थोड्या वेळानं तू कान टवकारलेस. "अगं, हा माणूस सारखा डाव डाव काय म्हणतोय? फर्स्ट डाव, सेकंड डाव?" कॉमेंटेटर म्हणत होता 'डाऊन'. फुटबॉलमध्ये प्रत्येक टीमला दहा यार्ड पुढं सरकायला चार संधी मिळतात, त्या एकेका संधीला ते डाऊन म्हणतात. तुला ते डाव ऐकू येत होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात टीव्हीमागून हा माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवायला लागला, इतक्या जोरात की अँटेना हलली आणि चित्र गेलं. मग तो माझ्याकडेच बघत, पण तुला ऐकू जाईल असं म्हणाला, "त्यांना सांग, डावच आहे. चार डावांत दहा पावलं जायचं. गेले तर परत पहिला डाव." मी सांगायच्या आत तू मांडीवर थाप मारलीस. "एवढंच होय! मग आधी नाही का सांगायचं? चार डाव, दहा पावलं. सोपं आहे की!" आणि खरंच, त्या क्षणापासून तुला सगळा खेळ कळला. हुलकावणी, पाठलाग, गडी अडवणं, एकट्यानं सुटणं, सगळं तुझ्या ओळखीचं निघालं. तो शब्द डाऊन होता, आई. तुला आम्ही तो शेवटपर्यंत सांगितला नाही. आणि आता आमच्याही घरात तो डावच झालाय. तुझी नात तिसरीत असताना वर्गातल्या एका पोराशी त्यावरून भांडून आली, "इट्स डाव! माय आजी सेड सो!"

संध्याकाळी बेसबॉल लावलं. ते मात्र तुझ्या पसंतीला उतरलं नाही. "हा गडी नुसता थुंकतोय." पाच मिनिटांनी, "अजून थुंकतोयच. आणि तो लांब उभा आहे तोही. मैदानावर थुंकलं तर मी दहा फेऱ्या मारायला लावायची." हातातला तो चामड्याचा मोठा पंजा बघून, "एवढं सूप घेऊन उभं राहिल्यावर झेल काय आंधळाही घेईल." याला बेसबॉलही आवडतं, पण त्यानं निमूट ऐकून घेतलं. रात्री मला हळूच म्हणाला, "मला तर तुझी आई फारच आवडून राहिली यार. मॅचपेक्षा त्यांचंच ऐकावंसं वाटते." मी म्हटलं, मग सांग ना तिला. तर म्हणाला, "मी काय म्हणून हाक मारू, ते तू सांग आधी." म्हणजे इकडेही तेच.

रविवारी सकाळपासून माझी कंबर भरून आली होती. दिवस भरायला अजून दोन आठवडे होते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. एक वाजता याच्या लाडक्या टीमची मॅच. ही टीम राहते न्यू जर्सीत, मैदान न्यू जर्सीत, पण नाव लावते न्यूयॉर्कचं. यानं माझ्यामार्फत तुला ते सांगितल्यावर तू माझ्याकडे असं बघितलंस! "म्हणजे तुझ्यासारखंच की. राहते सासरी आणि नाव लावते माहेरचं." मी लग्नानंतर आडनाव बदललं नव्हतं, ते तुला खटकलं होतं की आवडलं होतं, मला कधी कळलं नाही. पण तेवढ्यानं ती टीम तुझी झाली. तू तिला "आपली" म्हणायला लागलीस. मध्यंतरात मी स्वयंपाकघरात गेले, म्हटलं, भजी तळते. तू म्हणालीस, "तू बस, मी तळते." मी म्हटलं, "नको, उभं राहिलं की बरं वाटतंय." तू एकदा माझ्याकडे नीट बघितलंस. तेवढ्यात मॅच परत सुरू झाली.

मी ओट्याशी उभी होते आणि बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. पाव मॅच अजून व्हायची होती तेव्हाची गोष्ट. आपल्या टीमचा चौथा डाव, एकच पाऊल बाकी, आणि त्यांनी बॉल लाथेनं लांब उडवून समोरच्या टीमला देऊन टाकला. तुझा आवाज खिडक्यांपर्यंत गेला असेल. "अगं बाई! हे काय? डाव हातात असताना बॉल देऊन टाकला?" टीव्हीमागून हा म्हणाला, "अगं, आईंना... त्यांना सांग, चौथा डाव फसला तर बॉल तिथल्या तिथं जातो. त्यापेक्षा लांब पाठवलेला बरा. रीतच आहे तशी." मी आतून ओरडून सांगितलं, "रीत आहे म्हणतोय!" "रीत कसली? हरायची भीती म्हणून खेळायचंच नाही, याला आमच्याकडे रडीचा डाव म्हणतात. सांग त्यांना!" मी सांगितलं, "रडीचा डाव म्हणतेय!" भजी करपत होती. याच्या तोंडून 'आईंना' निसटलं होतं, आणि ते तू ऐकलं होतंस की नाही, याचा विचार करत मी कढईतला झारा तसाच धरून उभी होते.

मग शेवटची दोन मिनिटं आली. ती दोन मिनिटं यांची कशी असतात, घड्याळ सारखं थांबवत किती लांबतात, तुला ठाऊकच झालं होतं. तू म्हणायचीस, एवढ्यात भात शिजून निवतो. आपली टीम मागं होती. परत चौथा डाव. यावेळी लाथ मारून चालणार नव्हतं, खेळायलाच हवं होतं. आणि नेमकं चित्र गेलं. सगळी नुसती खरखर. तू हाक मारलीस, "अगं, त्यांना सांग, डावीकडे!" मी उत्तर दिलं नाही. तू परत ओरडलीस, "अगं ए, त्यांना सांग की लवकर!" मी उत्तर दिलं नाही. नंतर मी तुला सांगितलं की एक्झॉस्ट फॅनच्या आवाजात ऐकू आलं नाही.  आणि मग तू, माझी आई, तीन वर्षांनंतर, थेट त्याला म्हणालीस, "अहो, डावीकडे! तुमच्या नाही, माझ्या डावीकडे! हां. अजून. थांबा! आता जागचे हलाल तर बघा!"

तो हलला नाही. हात वर, अँटेना धरलेली, नुसता खांबासारखा उभा. त्याला स्क्रीन दिसत नव्हता, समोर फक्त तुझा चेहरा दिसत होता. त्यानं विचारलं, "आई, काय झालं? खेळले का?" आणि तू कॉमेंटरी सुरू केलीस. "खेळतायत. उठले. बॉल मागं दिला... तो उंच गडी... अहो, तिघं धावलेत त्याच्या अंगावर! हुलकावणी दिली! गेला, उजवीकडून गेला! पळ रे! अडवला... नाही अडवला, सूर मारला! सूर मारला हो त्यानं!" "दहा झाली का आई?" "झाली की! आता बघा, पहिला डाव! हात खाली घेऊ नका!" मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघितलं. तू सोफ्यावरून उठून टीव्हीच्या पुढ्यात उभी होतीस, पदर खोचलेला, एक हात हवेत, आणि तो टीव्हीच्या मागं, दोन्ही हात हवेत. तुमच्यामध्ये एकोणीस इंची टीव्ही. दोघांपैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मॅच आपण जिंकलो की हरलो ते मला आठवत नाही. याला विचारलं तर म्हणतो, जिंकलो. पण यानं बघितलंय कुठं?

मॅच संपल्यावर मी दारातूनच म्हटलं, "मला वाटतं आपल्याला निघायला हवं." पुढची धावपळ तुला माझ्यापेक्षा चांगली आठवत असेल. गाडीत तू मागं माझ्याजवळ बसलीस आणि सगळ्या रस्ताभर त्याला सूचना, "अहो, सावकाश," "अहो, हा तांबडा आहे, थांबा," सगळ्या थेट. संध्याकाळी सात वाजून गेल्यावर लेक झाली. मिरजेला परत गेल्यावर तू आख्ख्या शाळेला सांगितलंस म्हणे की आमची मुलगी तीन तासांत मोकळी झाली, पहिलटकरीण असून, लहानपणी खो-खो खेळलेली आहे, उगीच नाही. तिथं हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तुम्ही दोघं कॉफीच्या मशीनजवळ बसला होतात. तू त्याला काय म्हणालीस ते त्यानं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. तू म्हणालीस, "विचारलं असतंत तर मी नाही म्हणाले नसते." तो म्हणाला, "विचारायला पाहिजे होतं, आई. चुकलंच माझं. भीती वाटली." तू कॉफीचा एक घोट घेतलास, तोंड वाकडं केलंस, आणि म्हणालीस, "म्हणजे लाथ मारलीत की नाही चौथ्या डावाला?" तो सांगतो, तो इतका हसला की नर्स बघायला आली.

तू मिरजेला परत गेल्यावर जे पहिलं पत्र आलं, त्याची शेवटची ओळ मी आधी बघितली. जावईबापूंना अनेक आशीर्वाद, आणि आपली टीम अजून रडीचे डाव खेळते का ते कळवा. 'कळवा' लिहिलं होतंस, 'कळव' नाही. ते पत्र माझं नव्हतंच. पुढं पुढं तर तुझी निम्मी पत्रं त्याच्याच नावानं यायला लागली आणि तो मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. मला म्हटलं तर हेवा वाटायचा. चांगलं आयुष्य गेलं, आई, आमचं. नात मोठी झाली, कॅरी नावाच्या गावी असते, औषधाच्या कंपनीत काम करते, तिच्या मुलांनाही डाव म्हणजे डावच. दर रविवारी मी भजी करते, आता डॉक्टरनं बंदी घातल्यामुळे दोन-दोनच. टीव्ही भिंतीएवढा आहे, अँटेना नाही, चित्र कधी जात नाही. हा म्हणतो, त्यात काय मजा.

आता एक राहिलं. तुलाच सांगते, कारण त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि म्हणून हे पत्र टेबलावर ठेवता येणार नाही. तुझ्या त्या लाडवांच्या डब्यात, खाली, कागदाखाली ठेवीन. कळा मॅच संपल्यावर सुरू झाल्या नव्हत्या. मध्यंतरातच सुरू झाल्या होत्या, म्हणून तर मी उभी होते. तुझ्याजवळ येऊन बसले असते तर तू ओळखलं असतंस, आणि ओळखलं असतंस तर टीव्ही बंद झाला असता, त्याचा हात अँटेनावरून निघाला असता, आणि तुम्ही दोघं परत माझ्यामार्फत बोलायला लागला असतात. हॉस्पिटलमध्ये मी सांगितलं, चारला सुरू झाल्या. नर्सनं तपासलं आणि म्हणाली, "हनी, चारला नाही." तू विचारलंस, काय म्हणते? मी म्हटलं, सगळं छान आहे म्हणते. पहिलटकरणीनं असं करू नये, मला माहीत आहे, आणि माझ्या लेकीनं असं केलं असतं तर मी तिला सोललं असतं. पण तू जे तीन तासांचं सगळ्या मिरजेला सांगितलंस ते पाच-सव्वापाच तास होते. आणि फॅन बंद होता, आई. तू पहिली हाक मारलीस तेव्हा जोराची कळ आली होती, ओटा घट्ट धरला होता, तोंडातून शब्दच फुटत नव्हता. पण दुसऱ्या हाकेपर्यंत ती ओसरली होती. दुसऱ्या हाकेला मला ओ देता येत होती.